खिडक्या लावून गायलेलं भजन

३० मार्च २०२१ रोजी तुकाराम बीज होती. त्या संध्याकाळी इंदूरमध्ये एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात आम्ही अकरा जणींनी खिडक्या लावून भजन केलं. खिडक्या लावल्या त्या शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. कोणी तक्रार केली असती तर ज्यांच्या घरी बसलो होतो त्यांच्यावर दंडाचा प्रसंग आला असता. पडदे ओढले, पंखा बंद केला, कारण पंख्याच्या आवाजात पेटी दबते. टाळ अगदी हळू धरले. दीड तास गायलो. पुढच्या दहा दिवसांत आमच्यापैकी चौघी आजारी पडल्या आणि आमच्या मंडळाच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकू एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या.

काकूंना लागण त्याच खोलीत झाली की भाजीच्या गाडीपाशी, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मला मात्र त्या बंद खिडक्या विसरता येत नाहीत, कारण त्यातल्या दोन मी स्वतः लावल्या होत्या. हा लेख लिहायला त्यामुळेच मला इतकी वर्षं लागली. सरकारी नियमावर बोट ठेवायचं तर आधी स्वतःचा हात दाखवावा लागतो, तो दाखवला. आता नियमाबद्दल बोलते.

आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर एक देऊळ आहे. देवळापुढे फरशीचा मोठा चौक आहे. तीन बाजूंनी मोकळा, वर आकाश. बावीस वर्षं आमचं मंडळ त्या चौकात गुरुवारी आणि एकादशीला बसत आलं. मार्च २०२१ मध्ये हे देऊळ उघडं होतं. रांग लावून दर्शन चालू होतं. चपलांच्या जागी गोल आखलेले होते. फक्त गाणं बंद होतं. सूचनाफलकावर हिंदीत लिहिलं होतं की सामूहिक भजन-कीर्तन वर्जित आहे. आणि त्याच फलकाच्या वर टांगलेल्या कर्ण्यातून दिवसभर रेकॉर्ड केलेले अभंग वाजत होते.

मोकळ्या चौकातून आम्हाला उठवलं म्हणून आम्ही बंद खोलीत गेलो. हवेच्या दृष्टीने पाहिलं तर चौक ही शहरातली सगळ्यांत सुरक्षित जागा होती आणि ती खोली सगळ्यांत धोक्याची. नियमाने आम्हाला पहिल्या जागेतून दुसऱ्या जागेत ढकललं. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती साधी आहे.

आता त्या फलकाची वंशावळ पाहू. ४ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रार्थनास्थळांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. ८ जूनपासून देवळं, मशिदी, चर्च, गुरुद्वारे उघडायचे होते. त्या इंग्रजी कागदात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा : संसर्ग पसरण्याचा संभाव्य धोका लक्षात घेता, शक्यतो ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत वाजवावं आणि गायनवृंदांना किंवा गाणाऱ्या गटांना परवानगी देऊ नये. ऑक्टोबर २०२० मध्ये सणांसाठी जी कार्यपद्धती आली, तिच्यातही हेच वाक्य होतं.

भाषेचं काम करणाऱ्यांनी या वाक्याकडे जरा नीट बघावं. 'शक्यतो' हा शब्द नेमका कशाला लागतो? फक्त पहिल्या भागाला, की दोन्ही भागांना? दोन्हींना लागत असेल तर नियमाचा अर्थ होतो की शक्यतो समूहगान टाळा, आणि मग मोकळा चौक, अंतर, मास्क असा विचार करायला जागा उरते. फक्त पहिल्याला लागत असेल तर समूहगान सरसकट बंद. इंग्रजी वाक्य दोन्ही वाचनं सहन करतं. केंद्रातून राज्यात, राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून देवस्थानच्या कमिटीपर्यंत हा कागद उतरला, इंग्रजीतून हिंदीत आला, आणि वाटेत 'शक्यतो' गळून पडलं. उरलं ते 'वर्जित'. कमिटीच्या माणसाला मी दोष देत नाही. आपल्यावर बालंट नको म्हणून जो शब्द जास्त कडक तो त्याने उचलला. पण ज्या देशात एक हुकूम वीस-बावीस भाषांत उतरणार आहे, तिथे हुकूम लिहिणाऱ्याने असं दुटप्पी वाक्य लिहिणं हा निष्काळजीपणा आहे. अनेक भाषांतून वाचणाऱ्या या नियतकालिकाच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

मला चुकीचं समजू नका. गाणं निरुपद्रवी होतं असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथल्या गायनवृंदाची हकिकत तेव्हा जगभर गाजली होती. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी ६१ जण अडीच तास तालमीला जमले. त्यांतल्या एकाला लक्षणं होती. पुढे ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. हे लोक बेफिकीर नव्हते. हात सॅनिटायझरने धुतले होते, मिठ्या मारणं टाळलं होतं. तेव्हा मास्क मात्र कोणी घालत नव्हतं. मे महिन्यात याचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. हे समोर असताना जून २०२० मध्ये कोणत्याही सरकारने समूहगान थांबवलं असेल तर ते योग्यच केलं. तेव्हा मीसुद्धा मंडळातल्या रुसलेल्या बायकांना हेच समजावत होते. गोमूत्राने, शंखाने, टाळ्यांनी रोग पळतो असं सांगणारे माझ्याही फोनवर येत होते. त्यांच्या बाजूला मी तेव्हा नव्हते, आजही नाही. देवाचं नाव घेतलं की विषाणू वाट सोडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा लेख आपल्या उपयोगाला आणू नये.

माझा प्रश्न पुढचा आहे. स्कॅजिटच्या त्या तालमीतून धडा कोणता घ्यायचा होता? गाणं धोक्याचं, हा? की बंद खोलीत, बराच वेळ, मास्कशिवाय, मोठ्याने श्वास सोडणं धोक्याचं, हा? पहिला धडा घेतला तर बंदी गाण्यावर येते. दुसरा घेतला तर नियम खोलीवर, वेळेवर, मास्कवर येतो, आणि मग तो गाण्याला लागू होतो तसाच भाषणाला, घोषणांना, कॉल सेंटरला, कोचिंग क्लासलाही लागू होतो. आपल्या राज्यकर्त्यांनी पहिला धडा घेतला, कारण तो सोपा होता. गाणाऱ्या बायकांना चौकातून उठवायला एक फलक पुरतो.

'तेव्हा काही माहीत नव्हतं' हे उत्तर मला नेहमी मिळतं. माझी भाची डॉक्टर आहे, तीही हेच म्हणते. तिच्याशी मी या बाबतीत अर्ध्यापर्यंत सहमत आहे. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच हा विषाणू हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. पण जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन उलट मांडणी केली. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून हा रोग पसरतो, बंद जागांकडे लक्ष द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासातून दिसलं की सारख्याच पट्टीच्या आवाजात बोलण्यापेक्षा गाण्यातून फार जास्त कण बाहेर पडत नाहीत. फरक पडतो तो आवाज चढवण्याने. अगदी वरच्या आवाजात बोलणं असो की गाणं, कण वीस-तीस पटींनी वाढतात. म्हणजे हळू आवाजातल्या हरिपाठापेक्षा ओरडून दिलेली घोषणा जास्त धोक्याची. हे आपल्या मार्चमधल्या बिजेच्या सात महिने आधी छापून आलेलं होतं.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने साध्या भाषेत एक चांगली पुस्तिका काढली. तिच्यात सांगितलं होतं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा खिडक्या-दारं उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा. पुस्तिका आली मे २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर दुसऱ्या लाटेत दिवसाला चार लाखांवर रुग्ण सापडून झाले होते आणि काकूंना जाऊन महिना होत आला होता. ती पुस्तिका फोनवर वाचताना मी 'खिडक्या उघड्या ठेवा' या ओळीपाशी थांबले ते पुढे वाचलंच नाही. मार्चमध्ये मला कोणीतरी एवढंच सांगितलं असतं की बायांनो, गायचंच असेल तर उघड्यावर गा. सरकार वर्षभर आम्हाला सांगत राहिलं : गाऊ नका. कुठे गाऊ नका आणि कुठे गायलं तर चालेल, हे त्याने सांगितलं नाही. आणि माणसं गाणारच, हे ज्याला कळत नाही त्याने माणसांसाठी नियम करू नयेत.

आता मास्कचं पाहू. मास्कच्या बाजूने मी तेव्हाही होते. आमच्या मंडळाने जुन्या सुती साड्यांचे तीनपदरी मास्क शिवून वाटले होते. जानेवारी २०२१ मध्ये, आकडे उतरले होते तेव्हा, आम्ही मास्क लावून चौकात गाऊन पाहिलं. सहा जणी, दोन-दोन हात अंतरावर. मास्कमध्ये गाणं सोपं नाही. श्वास घेतला की कापड तोंडात येतं. लांब सूर धरता येत नाही. 'विठ्ठल' म्हणताना जो ठसका लागतो तो कापडात अडकतो आणि गजर ओला, जड होऊन बाहेर येतो. पेटीवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचे ओठ दिसत नाहीत, कुठे थांबताय ते मला डोळ्यांवरून ओळखावं लागतंय." तरी आम्हाला जमत होतं. तिसऱ्या अभंगाला कमिटीचे गृहस्थ आले, हात जोडून म्हणाले, "ताई, वरून ऑर्डर आहे, मेरी मजबूरी समझो." आम्ही उठलो.

त्या वेळी मास्कचं धोरण काय होतं? माणूस एकटा गाडीत बसला असला तरी मास्क हवा. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तसा निर्णयच दिला की खासगी गाडी हीसुद्धा सार्वजनिक जागा आहे. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाला हा नियम हास्यास्पद वाटला आणि दिल्ली सरकारने तो मागे घेतला. म्हणजे काच वर करून एकट्याने बसलेल्या माणसाने मास्क न लावणं हा गुन्हा, आणि सहा जणींनी मास्क लावून उघड्यावर गाणं हाही गुन्हा. पहिल्यात कोणाला धोका नव्हता, दुसऱ्यात फारच थोडा होता. मास्क हे साधन होतं. ते लावल्यावर काय काय करता येईल, हे सांगण्यासाठी त्याचा उपयोग व्हायला हवा होता. त्याऐवजी ते आज्ञाधारकपणाचं चिन्ह झालं. नाकावर आहे की हनुवटीवर, एवढंच बघून पावती फाडली जात होती.

'जीव जात होते आणि तुम्हाला गाण्याची पडलीय?' हा आक्षेप मी ऐकला आहे. तो खरा मानायलाही मी तयार होते, जर तो सगळ्यांना सारखा लावला गेला असता. ऑक्टोबर २०२० मध्ये आमच्या मध्य प्रदेशात २८ जागांच्या पोटनिवडणुका होत्या. इंदूर जिल्ह्यातली सांवेरची जागा त्यात होती. मी सांवेर रस्त्यावरून येताना एक सभा पाहिली. कोणत्या पक्षाची ते सांगत नाही, कारण सभा दोघांच्याही झाल्या. मंडप गच्च, घोषणा टिपेला, मास्क गळ्यात. त्याच महिन्यात नवरात्र होतं आणि सणांच्या नियमांत गाणाऱ्या गटांना मनाई होती.

याच निवडणुकीत घडलेली एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात नाही. २० ऑक्टोबर २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने आदेश दिला की उमेदवारांनी प्रचार आभासी माध्यमातून करावा. ते शक्य नसेल तरच प्रत्यक्ष सभेला परवानगी द्यावी, आणि येणाऱ्या माणसांच्या दुप्पट संख्येला पुरतील इतक्या मास्क-सॅनिटायझरचे पैसे आधी जमा करून घ्यावेत. आठवड्याच्या आत, २६ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली. ती मागायला निवडणूक आयोग गेला होता आणि उमेदवारही गेले होते. पडद्यावरचा प्रचार हा खऱ्या प्रचाराची जागा घेऊ शकत नाही, हे राजकारण्यांना आठवडाभरात उमगलं आणि त्यांनी ते मिळवलंही.

मग ध्वनिमुद्रित अभंग हा गायलेल्या अभंगाची जागा घेऊ शकतो, हे आमच्या बाबतीत कोणी ठरवलं? भाषण समोरासमोर हवं, भजन मात्र कर्ण्यातून चालेल? आमच्या वतीने कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलं नाही. भजनी मंडळांना मतदारसंघ नसतो.

एप्रिल २०२१ मध्ये हे पुन्हा घडलं. पश्चिम बंगालमध्ये २७ मार्च ते २९ एप्रिल अशा आठ टप्प्यांत मतदान चाललं, हरिद्वारला कुंभ चालला, आणि आमच्या राज्यात इंदूर-भोपाळ बंद असताना दमोहला पोटनिवडणुकीचा प्रचार चालला. १७ एप्रिलला तिथे मतदान झालं. त्या आठवड्यात काकूंसाठी आम्ही ऑक्सिजनचा बेड शोधत होतो.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये मे २०२१ मध्ये हौशी गायनवृंदांना खोलीत सहापेक्षा जास्त जणांनी गायला मनाई झाली. व्यावसायिक गायकांना मुभा होती, जणू विषाणू मानधनाची पावती बघून आत शिरतो. ११ जुलैला वेम्ब्लीच्या मैदानात युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याला साठ हजारांहून अधिक प्रेक्षक घसा फोडून गात होते, आणि गावातल्या वृंदावरची मर्यादा उठली १९ जुलैला. कॅलिफोर्नियाने जुलै २०२० मध्ये प्रार्थनास्थळांत गायला बंदी घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद सभागृहातल्या प्रार्थनेला परवानगी दिली, पण गाण्यावरची बंदी तशीच ठेवली. दक्षिण कोरियाने जुलै २०२१ मध्ये सोलच्या परिसरातल्या व्यायामशाळांत मिनिटाला १२० ठोक्यांपेक्षा जलद संगीत लावायला मनाई केली. हसू येतं, पण त्या नियमामागे निदान एक विचार होता : ताल वाढला की धाप वाढते. आमच्या फलकामागे तेवढाही नव्हता.

आता 'ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत' या कल्पनेबद्दल बोलते, कारण माझा खरा राग तिथे आहे. हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात देवळातलं गाणं म्हणजे मागे चालू असलेला मंगल आवाज. तो गळ्यातून आला काय, यंत्रातून आला काय, त्याला सारखंच. पण वारकरी भजनात श्रोता नसतो. विणेकरी उभा असतो, टाळकरी दोन्ही बाजूंना असतात, एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा. ज्याला सूर लागत नाही तोही उचलतो. कीर्तनकार मध्येच थांबतो तेव्हा मागचे टाळकरी गाणं पुढे नेतात, तो श्वास घेतो. ऐकायला आलेला माणूस तिसऱ्या कडव्याला टाळी देऊ लागतो. यातून गाणारी तोंडं काढून घेतली तर जे उरतं ते संगीत असेल, भजन नाही. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, आसामच्या नामघरातला नाम-प्रसंग, केरळातल्या चर्चमधला वृंद, दर्ग्यातली कव्वाली, प्रत्येकाची रीत वेगळी आहे, पण यांपैकी कुठेही गाणं ही उपासनेची सजावट नाही. शासनाने एका इंग्रजी वाक्यात या सगळ्यांना 'गाणारे गट' म्हटलं आणि सगळ्यांना एकच पर्याय दिला : टेप लावा. याच पाच महिन्यांत कोणी असा कागद काढला का, की विधानसभेत ध्वनिमुद्रित भाषणं वाजवा?

बरं, हे सगळं ज्यांचं पोट होतं त्यांचं काय? कीर्तनकाराचं वर्ष सप्ताहांवर आणि चातुर्मासावर चालतं. मृदंग वाजवणाऱ्याला बिदागी मिळते ती बसल्या जागी. तमाशाचे फड यात्रांवर जगतात, बँडवाले लग्नसराईवर. त्यांचं गाणं-वाजवणं बंद करणाऱ्या कागदात त्यांच्या रोजीबद्दल एक ओळ नव्हती. आमच्याकडे मृदंगाला येणारा मुलगा दोन वर्षं एका कंपनीची पार्सलं पोचवत होता. तो आता परत आलाय, पण बोटं जड झाली आहेत असं तोच म्हणतो.

इतिहासाकडे एकदा बघून घेऊ. साथरोगाच्या काळात सरकारला हे अधिकार देणारा कायदा १८९७ सालचा आहे. मुंबई इलाख्यात प्लेग होता, घाईघाईने कायदा झाला, जेमतेम चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. प्लेग खरा होता, तपासणी गरजेची होती, हे त्या वेळीही जाणत्या लोकांना कळत होतं. संताप होता तो रीतीबद्दल. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्या हिंसेचं समर्थन मी करत नाही, पण हे विसरता येत नाही की त्या कायद्याच्या चौथ्या कलमात सद्भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण होतं आणि ज्याच्या घरात शिरायचं त्याला कारण सांगण्याची सक्ती कुठेच नव्हती. १२३ वर्षांनी आपण तोच कायदा बाहेर काढला, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा घेतला, आणि कारण न सांगण्याची सवय तशीच ठेवली.

पुढची साथ येणार आहे. कधी ते डॉक्टर सांगतील. तेव्हा काय हवं, हे आत्ताच, डोकी थंड असताना मागायला हवं.

पहिलं, नियम कृतीच्या नावावर नको, हवेवर हवा. जागा उघडी की बंद, माणसं किती, वेळ किती, आवाज किती, मास्क आहे की नाही. ही पाच मापं गाण्याला लावा, सभेलाही लावा. आमचा चौक या मापांत बसेल, आमचा दिवाणखाना बसणार नाही, आणि आम्ही तो निकाल मान्य करू.

दुसरं, जे बंद करायचं त्याला उघडं असं काहीतरी द्या. घरात गाऊ नका म्हणायचं तर मैदान द्या. संपूर्ण नाही म्हटलेली गोष्ट माणसं लपून करतात, आणि या रोगात लपण्याची जागा हीच सगळ्यांत वाईट जागा होती.

तिसरं, प्रत्येक आदेशात कारण लिहा आणि तो कधी पुन्हा तपासणार ती तारीख लिहा. माहिती बदलली की नियम बदला आणि तसं जाहीर करा. आमच्या देवळातला फलक कोणी आदेशाने काढला नाही. २०२२ च्या पावसात तो भिजून पडला.

चौथं, आदेश ज्या भाषेत पाळला जाणार आहे त्या भाषेत लिहा. भाषांतर शेवटच्या कारकुनावर सोडू नका.

आणि पाचवं, ज्यांची रोजी थांबवता त्यांची सोय त्याच कागदात करा.

काकूंचं शेवटचं कोणाला काही करता आलं नाही. रुग्णालयातून थेट स्मशानात नेलं, मुलाला लांबून दाखवलं. आमच्यात माणूस गेलं की मंडळ येऊन भजन म्हणतं, तिरडीपुढे टाळ वाजतात. काकूंनी कितीतरी घरांतून असं भजन म्हटलं होतं, बोलावणं नसलं तरी जायच्या. त्यांच्यासाठी त्यांच्या नातवाने फोनवर एक अभंग लावला, असं नंतर कळलं. नियमाप्रमाणेच झालं म्हणायचं. ध्वनिमुद्रित.

तिसऱ्या लाटेनंतर आम्ही पुन्हा चौकात बसू लागलो. मंडळात आता नऊ जणी आहोत. मार्चमध्ये रात्री गार वारा सुटतो, म्हाताऱ्या बायकांना सोसत नाही, म्हणून कोणी सुचवलं की बिजेचं भजन या वर्षी आत सभामंडपात करू. मी नाही म्हटलं. शाली आणा म्हटलं.